निळ्यांचे सेल्वम सर

खराडीतल्या आमच्या ऑफिसच्या मुलांनी फुटबॉलसाठी टर्फ बुक केलं, तेव्हा ते घोरपडीत कुठेतरी आहे एवढंच मला ठाऊक होतं. मी पाण्याच्या बाटल्या आणि उत्साह पुरवायला गेले होते. एकोणपन्नासाव्या वर्षी ऑफिसच्या टीममध्ये बाईला एवढंच काम मिळतं. पत्र्याचं फाटक, आत प्लास्टिकचं हिरवंगार गवत, चारी बाजूंना जाळी, डोक्यावरही जाळी. चपला काढून आत पाय ठेवला तर गवत उन्हानं तापलेलं, आणि त्याला जुन्या टायरसारखा वास. इतक्यात मागच्या भिंतीपलीकडून एक मालगाडी गेली. बराच वेळ जात राहिली. भिंतीवरून निलगिरीचे दोन शेंडे डोकावत होते. माझ्या हातातल्या बाटल्या हातातच राहिल्या.

हे आमचंच मैदान होतं. म्हणजे त्याचा एक कोपरा, कॉर्नरचा झेंडा असायचा तो.

आमच्या वेळी तिथे गवत नावालाच होतं. दसरा झाला की पावसाळ्यातलं गवत पिवळं पडायचं आणि दिवाळीपर्यंत नुसती माती उरायची, तांबूस, पायाला पिठासारखी लागणारी. रविवारी सकाळी सातला माझे वडील, आप्पा, चुन्याच्या फक्कीचं पोतं सायकलच्या कॅरिअरवर बांधून निघायचे आणि मी पुढच्या दांडीवर. आप्पा स्टेशनवर पार्सल ऑफिसात कारकून. आम्ही रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. आख्खं खानदान पेठेतलं आणि क्रिकेटवेडं, त्यामुळे आप्पांच्या फुटबॉलकडे नातेवाईक एखाद्या व्यसनासारखं बघायचे. "अजून जातोस का रे त्या चेंडूला?" असं काका विचारायचे. आप्पा म्हणायचे, "जातो ना. तुझ्या क्रिकेटपेक्षा लवकर संपतं."

सुतळी ताणून ते पांढऱ्या रेघा आखायचे. मी सुतळीचं दुसरं टोक धरून उभी. थंडीत लष्कराच्या बाजूने बिगुल ऐकू यायचा, मग चर्चची घंटा, मग बेकरीतून पहिल्या पावांचा वास. रेघ सरळ आली की आप्पा तिच्याकडे एक डोळा मिटून बघायचे. पार्सल ऑफिसात त्यांनी आयुष्यभर लोकांच्या खोक्यांवर नंबर टाकले, पण स्वतःचं काम म्हणून अभिमानानं त्यांनी कुणाला काही दाखवलं असेल तर त्या रेघाच.

टीमला एक लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण सगळे तिला 'निळे' म्हणायचे. पहिल्या वर्षी जर्सी घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून पांढरे बनियन आणून फिलोमिना आंटीच्या अंगणात मोठ्या पातेल्यात रंगवले होते. फिलोमिना आंटी शाळेच्या ऑफिसात टायपिस्ट होती. तिचा आवाज असा की रेल्वेच्या शिट्टीनं लाजावं. ते बनियन किती धुतले तरी रंग सोडायचे. मॅच संपेपर्यंत पोरांच्या माना, काखा, पोटं निळी होऊन जायची. सोमवारी आंटीच्या तारेवर अकरा बनियन वाळत असायचे आणि गटारातून निळं पाणी आमच्या क्वार्टर्सपर्यंत यायचं. आई म्हणायची, "जिंकले का हरले ते पाण्याला विचारा. तेवढं तरी सांगू दे त्याला."

आणि या निळ्यांचे मॅनेजर होते सेल्वम सर.

कॅम्पातल्या एका गॅरेजात ते मेकॅनिक होते. काळेसावळे, बुटके, खांद्यावर कायम पंचा. जन्मले तमिळ मुलखात, पण वाढले घोरपडीत, त्यामुळे मराठी फर्डी, फक्त तिला एक वेगळाच हेल. त्यांच्याजवळ उभं राहिलं की डिझेलचा आणि कडुलिंबाच्या साबणाचा वास यायचा. मॅच चालू असताना ते रेघेजवळ उकिडवे बसायचे, आणि सगळं मैदान बोंबलत असलं तरी अगदी हळू बोलायचे. गंमत म्हणजे पोरांना ते ऐकू जायचं. "घाई कोणाला आहे? तुला आहे काय? मग कशाला पळतो?" एवढंच. हाफ टाइमला मीठ लावलेल्या मोसंब्याच्या फोडी वाटल्या जायच्या. सेल्वम सर प्रत्येकाच्या हातात स्वतः फोड ठेवायचे आणि ज्यानं चूक केली असेल त्याला दोन द्यायचे. त्यावरून पोरांना कळायचं. मोसंब्याची साल सोलली की अजूनही मला धूळ आणि घाम आठवतो.

गोल झाला की मात्र ते उभे राहायचे. उड्या नाहीत, ओरडणं नाही. दोन्ही हात वर, आणि डोक्यावर तीन टाळ्या. मोजून तीन. मग पुन्हा उकिडवे.

आम्ही बसायचो रुळांच्या बाजूच्या उतारावर, निलगिरीच्या रांगेखाली. आप्पा, फिलोमिना आंटी आणि तिच्या शेजारी टायरच्या दुकानाचे युसूफचाचा. चाचा मॅचभर शेंगदाणे खायचे आणि निळे हरायला लागले की सालांसकट खायचे. पॅसेंजर गाडी गेली की खिडकीतली माणसं विचारायची, "कितीऽऽ?" आणि आंटी उत्तर द्यायची. गाडी कितीही वेगात असो, तिचं उत्तर पोचायचं. हरत असलो तर ती खोटं सांगायची. "त्यांना काय फरक पडतो? खूश होऊन जाऊ दे सोलापूरला."

सेल्वम सरांनी पाच वर्षांत निळ्यांना तळातून वर आणलं. सहाव्या वर्षी, होळीच्या आसपास, लीगमध्ये दोनच टीम उरल्या. आम्ही, आणि पिंपरीकडच्या एका कारखान्याची टीम. त्यांना आम्ही कंपनीवाले म्हणायचो. त्यांच्याकडे बस होती, डॉक्टर होता, चेन लावलेले लाल ट्रॅकसूट होते. शेवटची मॅच आमच्याच मैदानावर लागली. आप्पांनी त्या आठवड्यात दोन वेळा रेघा आखल्या. गुरुवारी उगाचच आखल्या.

पण त्याच्या आधीच्याच रविवारी सेल्वम सर सरावाला आले नव्हते. सोमवारीही नाही. मंगळवारी संध्याकाळी युसूफचाचा सायकल ढकलत आमच्या दारात आले. आत बोलावलं तरी आले नाहीत. म्हणाले, "पाटणकरसाहेब, सेल्वम गेला."

आई घाबरून बाहेर आली. "अगं बाई! कशानं?"

"तसा नाही गेला, भाभी. कंपनीवाल्यांकडे गेला. लाल कपड्यात बघितलं मी त्याला."

हातातला पेपर आप्पांनी घडी घालून ठेवला, मग पुन्हा उघडला, पुन्हा घडी घातली.

का गेले, याची कारणं घोरपडीत घरटी एक होती. पक्की नोकरी मिळाली. पोरीच्या शाळेचं बघितलं. आपल्याच सेक्रेटरीशी भांडण झालं. त्यांना कुणीतरी काहीतरी बोललं. आंटी म्हणायची की त्यांना नजर लागली. मला त्यातलं एकही खरं वाटायचं नाही, कारण कुठल्याही कारणात माझ्या ओळखीचे सेल्वम सर बसत नव्हते.

ती मॅच मला आठवते ती बहुतेक आवाजांशिवाय. उतार माणसांनी भरलेला, पण नेहमीसारखी आरडाओरड नाही. पलीकडच्या रेघेजवळ लाल ट्रॅकसूट घातलेला एक बुटका माणूस बाकावर बसलेला. बाकावर! त्यांना बाकावर बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं. खांद्यावर पंचा नव्हता. लोक सुरुवातीला त्यांच्याकडे बघून "गद्दार" म्हणाले, दोन-चार ढेकळंही गेली, पण मग तेही थांबलं. निळी पोरं चेंडू घेतल्यावर सवयीनं रेघेकडे बघायची आणि तिथे कुणी नसायचं.

संपायला थोडाच वेळ उरला असताना आमचा गोल झाला. डाव्या बाजूनं, सावकाश, एकालाही पळायची घाई नव्हती. सेल्वम सरांनी वर्षानुवर्षं शिकवलं होतं अगदी तसा. आणि त्याच क्षणी पलीकडे ते उभे राहिले. दोन्ही हात वर जायला लागले. खांद्यापर्यंत गेले, तिथे थांबले. क्षणभर तसेच राहिले. मग खाली आले.

आम्ही लीग जिंकलो. ताशावाला काठ्या हातात धरून उभा होता. वाजवायचं का, असं तो आप्पांना खुणेनं विचारत होता. आप्पा मैदानात उतरले होते. मी त्यांच्या मागे. सेल्वम सर एकटेच समोरून चालत आले आणि त्यांनी हात पुढे केला.

"पाटणकर," ते म्हणाले. "पोरं चांगली खेळली."

आप्पांनी स्वतःचे हात मागे घेतले. अगदी मृदू आवाजात, पोस्टातल्या बाईशी बोलावं तसं म्हणाले, "आमच्या हाताला फक्की आहे. तुमचे कपडे नवे आहेत."

बस. सेल्वम सरांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. त्यांचे बूटही नवे होते.

दोन वर्षांत ते पुणं सोडून गावाकडे गेल्याचं कळलं. निळेही फार टिकले नाहीत. पोरांना नोकऱ्या लागल्या, कुणी आखातात गेलं, मैदानाला आधी कुंपण आलं, मग पाटी. आप्पा त्या मॅचनंतर पुन्हा उतारावर गेलेच नाहीत. रविवारी सकाळी ते सातलाच उठायचे, अंघोळ करून खुर्चीत बसायचे आणि बसूनच राहायचे. मी बारा वर्षांची होते. एका वाक्यानं माणसाचे सगळे रविवार जाऊ शकतात हे मला तेव्हा कळलं.

टर्फवरून घरी आले आणि आप्पांना सांगितलं. आई गेल्यापासून ते माझ्याकडे, वानवडीला असतात. एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "झाडं आहेत?"

"दोन आहेत."

"दोनच?" मग म्हणाले, "फिलोमिनाला फोन लाव."

पुढच्या रविवारी दुपारी चारचा तास मी बुक केला. फिलोमिना आंटी वॉकर घेऊन आली, आवाज तेवढाच. युसूफचाचांना त्यांच्या नातवानं सोडलं. काउंटरवरच्या तरुणानं आमच्याकडे आळीपाळीनं बघितलं. "मॅम, प्लेअर्स किती आहेत?"

"एकही नाही," आंटी म्हणाली. "आम्ही बसणार."

त्यानं बिचाऱ्यानं चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणून दिल्या. आम्ही हिरव्या गवताच्या मधोमध बसलो. ऊन जाळीतून पडत होतं, त्याचे चौकोन आप्पांच्या सदऱ्यावर. गोल कुठल्या बाजूला झाला होता यावरून चाचा आणि आंटीचं लगेच जुंपलं. चाचा म्हणत होते, पार्किंग आहे तिथे. आंटी म्हणत होती, तिथे तर सेक्रेटरीची खुर्ची असायची. निलगिरीवरून त्यांनी अंदाज काढला, पण कोणती निलगिरी ते ठरेना.

मग अर्थातच ते हातांवर आलं.

"तो टाळ्या वाजवत होता," आंटी म्हणाली. "आपल्यासाठी. मैंने देखा है, बाबा. चेहरा बघितला मी."

"ऑफसाइड मागत होता," चाचा म्हणाले. "मॅनेजर होता त्यांचा. पगार घेतो तर मागणारच ना?"

"ऑफसाइड एका हातानं मागतात."

"घाबरलेला माणूस दोन हातांनी मागतो."

सदतीस वर्षं हे भांडण दोघं बाजारात, चर्चच्या जत्रेत, दवाखान्याच्या रांगेत भांडत आले होते. मी आप्पांकडे बघितलं. ते गवताचं एक पातं चिमटीत धरून उपटायला बघत होते. ते निघत नव्हतं.

"त्यालाच विचारू या," आंटी एकदम म्हणाली आणि पर्समध्ये हात घातला.

आप्पांनी मान वर केली. "म्हणजे?"

"नंबर आहे ना माझ्याकडे. त्याची पोरगी दर नाताळला मेसेज करते."

"तुमच्याकडे नंबर होता? इतकी वर्षं?"

"होता की," आंटी म्हणाली. "तुम्ही कधी विचारलात?"

आप्पांच्या तोंडाला तोंड देणारी माणसं मी फार कमी बघितली आहेत.

आंटीनं फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि आप्पांच्या हातात दिला. बराच वेळ वाजला. मग एका बाईचा आवाज, तमिळमध्ये. आंटीनं पुढे वाकून इंग्रजीत काहीतरी सांगितलं. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग एक जाडसर, दमलेला आवाज.

"यारु?"

आप्पांनी घसा साफ केला. "पाटणकर बोलतोय. घोरपडी."

पलीकडे नुसता पंख्याचा आवाज. मला वाटलं, फोन ठेवला.

"पाटणकर?" आवाज म्हणाला. "बोल. मराठीत बोल. थांबू नको."

"काय बोलू?"

"काय पण बोल." तो हेल तसाच होता. "इकडे माझ्याशी कोण मराठी बोलत नाही, पाटणकर. बायको होती तोवर बोलायची. ती घोरपडीची ना. चार वर्षं झाली ती गेली. पोरगी तर लहानपणीच विसरली. मी रागावलो की मराठीत रागावतो आणि घरात कोणाला कळत नाही मी का रागावला."

फिलोमिना आंटीनं पदरानं डोळे पुसले. मग विचारायला तोंड उघडलं, तेच, हातांबद्दल. युसूफचाचांनी तिच्या दंडावर हात ठेवला आणि नकारार्थी मान हलवली. सदतीस वर्षांत पहिल्यांदाच तिनं त्यांचं ऐकलं.

आप्पांनी मला स्पीकर बंद करायला सांगितला. फोन कानाला लावून ते उठले आणि हळूहळू चालत पलीकडच्या जाळीपाशी गेले. आमच्याकडे पाठ. एक हात जाळीत अडकवलेला. एकदा ते मोठ्यानं काहीतरी बोलल्यासारखं वाटलं, पण तेवढ्यात गाडी आली. त्यानंतर ते हसले. आप्पांना असं खांदे हलेपर्यंत हसताना मी आई असतानाच शेवटचं बघितलं होतं.

तास संपला. पुढच्या बुकिंगची मुलं बूट बांधून फाटकाशी उभी राहिली, हिंदी-इंग्रजीत कुजबुजत. मी म्हटलं, "दोन मिनिटं हं." त्यातला एक म्हणाला, "नो इश्यू, आंटी. आजोबांना बोलू द्या." पंधरा मिनिटं ती मुलं कडेला उभी राहिली. जाळीपाशी आप्पा सेल्वम सरांना सांगत होते की कोथिंबीर आता वर्षभर मिळते, पण वास नाही तिला.

परत येताना गाडीत मी धीर करून विचारलं, "माफी मागितलीत?"

"मागितली."

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाला, मोठ्यानं बोल, पंखा चालू आहे."

"मग?"

"मग मोठ्यानं मागितली."

सिग्नल लागला होता. समोर फ्लायओव्हरचा उतार, दोन्ही बाजूंना गाड्याच गाड्या. "आणि ते का गेले, ते विचारलंत?"

"नाही."

"का हो?"

आप्पा खिडकीबाहेर बघत राहिले. "विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं," ते म्हणाले. "मग मला ते पटतंय की नाही ते बघत बसावं लागलं असतं. आता कुठे वेळ आहे?"

त्याला आता चार महिने झाले. दर रविवारी चार वाजता आप्पा चष्मा पुसून बाल्कनीत जातात आणि फोन लावतात. फुटबॉलबद्दल दोघं फारसं बोलतच नाहीत. आप्पा त्यांना खालच्या रस्त्यावर काय चाललंय ते सांगतात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोण कुणाला काय बोललं ते सांगतात, मी कालच्या भाजीत मीठ विसरले तेही सांगतात. पलीकडून फारसं काही येत नसावं, कारण मधेमधे आप्पा विचारतात, "आहेस ना?" अहो-जाहो कधी सुटलं ते मला कळलं नाही.

परवा मी चहा घेऊन बाल्कनीत गेले तर ते पेपरातलं राशिभविष्य वाचून दाखवत होते. मेष झाली, वृषभ झाली, मिथुन चालू होती.

"आप्पा, त्यांची रास कुठली?" मी हळूच विचारलं.

त्यांनी फोनवर हात ठेवला. "त्याला ठाऊक नाही," ते म्हणाले, आणि कर्केला लागले.